गुरुवारची वही

दुपारचे चार वाजले की इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका जुन्या घराच्या ओट्यावर गोळ्यांची पिशवी उघडली जाते. रक्तदाबाची गोळी, साखरेची, पित्ताची, पायाला सूज येते तिची. लग्नपत्रिकांची जपून ठेवलेली जाड पाकिटं समोर मांडलेली असतात. दिवसाची तीन, आठवड्याची एकवीस. कात्रीने पट्टीतली एकेक गोळी वेष्टनासकट कापायची, ज्या वेळची असेल त्या वेळच्या पाकिटात टाकायची आणि शेवटी सगळी पाकिटं पुन्हा एकदा मोजायची. पाऊण तास जातो. समोर बसलेल्या बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांची उमेद कापड गिरणीच्या साचेखात्यात गेली.

पहिल्या आठवड्यात ही पाकिटं भरणाऱ्या बाईंनी त्यांवर निळ्या पेनाने चित्रं काढली होती. सकाळच्या पाकिटावर सूर्य, दुपारच्या पाकिटावर भाकरी, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. बाबांना अक्षरओळख नाही, पण चित्र कळेल, असा त्यांचा हिशेब. पुढच्या गुरुवारी गेल्या तर रात्रीची पाकिटं तशीच पडलेली आणि सकाळची दोन एकाच दिवशी रिकामी केलेली. त्याच संध्याकाळी बाबांना रिक्षात घालून डॉक्टरांना दाखवून आणलं. परत येताना बाबांनी संकोचत सांगितलं की मोतीबिंदूमुळे चित्रं दिसतच नाहीत. मग तोडगाही त्यांनीच सुचवला. "पोरी, कोपरा काप. सकाळचा एक, दुपारचे दोन, रात्रीचा एकही नको. बोटांना कळतं." चालत्या मागावर तुटलेला धागा ज्या बोटांनी वर्षानुवर्षं शोधला, ती बोटं पाकिटाचा कोपरा चुकणार नव्हती. त्यानंतर गोळी चुकलेली नाही.

बाईंच्या वहीत त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे: "आधी विचारायचं."

या बाई चर्चच्या कुठल्याही पदावर नाहीत. पाळक नाहीत, पास्टरेट कमिटीवर नाहीत, शब्बाथ शाळेच्या शिक्षिकाही नाहीत. मंडळीच्या यादीतलं एक नाव, इतकीच त्यांची चर्चमधली ओळख. एका खाजगी शाळेच्या कचेरीत फी आणि पगारपत्रकांचं काम करून त्या निवृत्त झाल्या. वडील अहमदनगर जिल्ह्यातून गिरणीच्या नोकरीसाठी इंदुरात आले आणि इथलेच झाले. उपासना हिंदीत होते, शेजारपाजार हिंदी आणि माळवी बोलतो, पण घरात प्रार्थना मराठीत आणि उशाशी आईचं 'उपासना संगीत', कोपरे झिजलेलं.

परदेशीपुरा ही गिरण्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी ही गिरण्यांची नावं इथे अजून पत्ता सांगताना वापरतात. पाटणीपुरा, नंदानगर, क्लर्क कॉलनी हा सगळा पट्टा एकेकाळी भोंग्यावर उठायचा आणि भोंग्यावर जेवायचा. उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून, खानदेशातून, विदर्भातून माणसं आली. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्या निघायच्या, त्या बघायला अख्खं शहर रात्रभर जागायचं. झाक्या आजही निघतात. भोंगे मात्र थांबले. मराठीत पूर्वी उत्तरेकडून आलेल्या माणसाला परदेशी म्हणायची रीत होती. या वस्तीत बाहेरून न आलेलं घर शोधावं लागेल. म्हातारपणी गावाकडचे सोबती नाहीत, मुलं पुण्याला नाहीतर अहमदाबादला, आणि शेजारी आपल्याच दुखण्यात, असं एकटेपण इथे घराघरात आहे.

वही सुरू झाली ती एका अंत्यविधीनंतर. मंडळीतल्या एक वृद्ध बाई वारल्या. दफनभूमीत माणसं बरीच जमली, फुलंही पुष्कळ होती. परतताना कुणीतरी सहज विचारलं, शेवटचं त्यांना कोण भेटलं होतं? एकेक जण आठवू लागला. कुणाला ईस्टर आठवला, कुणाला त्याच्याही आधीची कापणीची उपासना. मधले आठ महिने त्या घराची कडी मंडळीतल्या कुणी वाजवली नव्हती. दर रविवारी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं जात होतं, आणि नाव घेणाऱ्यांमध्ये या बाईही होत्या. ही गोष्ट त्यांना झोपू देईना. त्यांनी दुसऱ्यांना बोल लावला नाही. शाळेच्या कचेरीत आयुष्य गेलेलं, तेव्हा त्यांनी कचेरीतला उपाय केला. शंभर पानी वही आणली, समास आखला आणि एका पानावर एक नाव लिहिलं.

वहीत काय लिहायचं, हेही हळूहळू ठरत गेलं. सुरुवातीची पानं "भेट दिली, प्रार्थना केली, बरं वाटलं" अशा नोंदींनी भरली आहेत. बाईंना आज त्या नोंदींचा उपयोग वाटत नाही. नंतरची पानं निराळी आहेत. "नळाचा वायसर गळतो." "चष्म्याची काडी." "मुलाचा फोन तीन आठवडे नाही, विचारायचं नाही, तीच सांगेल." "बीमा अस्पतालची चिठ्ठी संपते, सोमवारी." नंदानगरच्या कर्मचारी राज्य विमा रुग्णालयाला इथलं सगळं जग बीमा अस्पतालच म्हणतं. पानाच्या तळाशी पुढच्या भेटीची तारीख असते. तारीख लिहिली की जावंच लागतं, हा त्यांचा अनुभव.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय त्यांनी लहानपणी पाठ केला होता. यरुशलेमेतली पहिली मंडळी वाढत होती आणि विधवांना रोज अन्न वाटलं जात होतं. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली की वाटपात त्यांच्या विधवा मागे पडतात. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली, पंगतीच्या कामासाठी. स्तेफन, फिलिप्प आणि आणखी पाच. शब्बाथ शाळेत मुलांना स्तेफनाच्या रक्तसाक्ष्याची गोष्ट आवडते, त्यामुळे हा भाग घाईत उरकतो. बाईंनी तो वही सुरू केल्यावर पुन्हा वाचला आणि दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. त्या विधवांना कुणी मुद्दाम उपाशी ठेवलं नव्हतं. वाटणाऱ्यांची भाषा वेगळी होती, म्हणून त्या नजरेतून सुटल्या. दुसरं म्हणजे निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची आबाळ झाली त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं.

हे वाचून त्यांनी मंडळीची यादी पुन्हा काढली. आपल्याकडे कुणाची भाषा वेगळी आहे?

एक नाव चटकन सापडलं. रुग्णालयात नर्स असलेल्या एका मल्याळी मुलीची आई केरळातून लेकीकडे राहायला आली होती. तिला हिंदी येत नव्हती. रविवारी लेकीबरोबर यायची, बाकावर शेवटी बसायची आणि उपासना संपली की निघून जायची. सगळे हसून मान हलवायचे, तेवढंच. लेकीची पाळी सकाळची असली की म्हातारी दिवसभर घरात एकटी. बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा दोघींना एकमेकींचं अक्षर कळेना. अम्माच्या पुढ्यात मटाराच्या शेंगांचं सूप होतं. बाई खाली बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या. तासभर दोघी सोलत होत्या. मध्येच अम्माने एक टपोरी शेंग उघडून आतले दाणे बोटाने मोजून दाखवले, आपल्या भाषेत एक ते नऊ. बाईंनी ते मराठीत मोजले. पुढच्या गुरुवारी अम्मा दारातच उभी होती. आता मंडळीतल्या दुसऱ्या एका मल्याळी कुटुंबातली सून मंगळवारी जाते, कारण बाईंच्या शेंगा सोलण्याने भाषेची भूक भागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वहीच्या त्या पानावर आज सुनेचं अक्षर आहे, मल्याळममधलं. बाईंना ते वाचता येत नाही आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

इंदुरातल्या ख्रिस्ती माणसाला परदेशीपणाची आठवण जवळची असायला हवी. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं १८७७ मध्ये इथे आली. त्यांच्या शाळा आणि १८८७ मध्ये सुरू झालेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज यांबद्दल बरंच बोललं जातं. एलिझाबेथ बेट्टी आणि मॅरियन ऑलिव्हर या दोन डॉक्टर स्त्रियांबद्दल मात्र कमी. कॅनडात बायकांना वैद्यकीचं शिक्षण मिळू लागून थोडीच वर्षं झाली होती. किंग्स्टनमधून पदवी घेऊन बेट्टी १८८४ मध्ये इंदुरात आल्या, ऑलिव्हर १८८६ मध्ये. परपुरुषाला नाडी दाखवायची नाही, या रिवाजापायी बाळंतपणात बायका दगावायच्या. या दोघी घरोघर गेल्या, माजघरात बसल्या, आणि १८९१ मध्ये बायकांचं रुग्णालय उभं राहिलं. पुढे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात माळव्यात आईबापांविना उरलेली मुलं मिशनने सांभाळली. माळव्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचं मूळ त्या मुलांमध्ये आहे. ज्यांच्या पणजोबांना कुणा परक्याने पाणी पाजलं, त्यांच्या शेजारी कुणी तहानलं असेल तर त्यांना कळायला हवं, असं बाईंना मनापासून वाटतं.

महाराष्ट्रातही या कामाची मोठी परंपरा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि अनाथ मुली व विधवांना केडगावला घेऊन गेल्या. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं. ही मोठी माणसं. संस्था उभारणारी. पण संस्थेचा रोजचा दिवस ज्यांच्यावर चालतो ती माणसं इतिहासात येत नाहीत: केडगावला शेकडो मुलींचं दळण दळणाऱ्या, मिरजेत पट्ट्या उकळून वाळत घालणाऱ्या. अशाच नाव नसलेल्या हातांची एक रीत मिझोरामच्या मंडळींमध्ये १९१० पासून आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना गृहिणी एक मूठ बाजूला काढते आणि तो तांदूळ मंडळीच्या कामाला जातो. शतक उलटून गेलं, ती मूठ अजून निघते. बाईंच्या स्वयंपाकघरातही गव्हाच्या कोठीशेजारी एक पत्र्याचा डबा आहे. महिना भरला की त्यातलं धान्य कुठल्या घरी जायचं, ते वही सांगते.

देताना मोठी चूकही झाली. सुरुवातीच्या एका हिवाळ्यात मंडळीतल्या आठ-दहा जणांनी वर्गणी काढून ब्लँकेटं घेतली. रविवारी दुपारी सगळे मिळून निघाले. गल्लीत शिरताना हसतखेळत, हातात पिशव्या, एकाच्या हातात मोबाइल. एका विधवा आजींच्या दारात ब्लँकेट पुढे केलं आणि फोटोसाठी सगळे शेजारी उभे राहिले. आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी बाई एकट्या गेल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "आमच्याकडे तीन ब्लँकेटं आहेत गं. काल गल्लीतल्या सगळ्यांनी बघितलं. आता दुकानदार उधारी द्यायला कचरतोय, म्हणतो तुमचं भागत नाही वाटतं." आजींना खरं तर दिव्याचा खटका बदलून हवा होता. रात्री उठताना अंधारात चाचपडायला लागायचं. खटका बदलायला जितका खर्च आला, तितक्यात ब्लँकेटाचा एक कोपरासुद्धा आला नसता.

बाई आजींच्या पाया पडल्या. फोटो काढून टाकायला लावला. तेव्हापासून गुरुवारच्या फेरीचे काही नियम आहेत आणि त्यांत तडजोड नाही. फोटो नाही. जाताना दोघं जायचं, पण दोघांपेक्षा जास्त नाही. घरातली गोष्ट घरात. पैशांची मदत झाली तर ती मंडळीच्या हिशेबातून, पावतीने, आणि पाळक व खजिनदार सोडून तिसऱ्याला नाव कळणार नाही. औषध बदलायचं ते डॉक्टरने. रिकाम्या हाताने गेलं तरी चालेल, घाईत गेलेलं चालणार नाही. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जाण्याचा नेम सुरू केला, त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. तिचे सभासद आजही जगभर जोडीनेच घरभेटीला जातात. बाईंना हे पुष्कळ उशिरा कळलं. एका कॅथलिक मैत्रिणीने सांगितलं तेव्हा त्यांना आधार वाटला की वाट चुकलेली नाही.

वहीचा सगळ्यात जाड भाग २०२३ च्या अखेरीचा आहे, आणि त्या पानांवरची बहुतेक नावं मंडळीतली नाहीत.

हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी अडकली. कोर्ट, लिलाव, तारखा, आंदोलनं यांत तीस वर्षं गेली. ज्यांनी दावा लावला त्यांतले कितीतरी जण निकालाची वाट पाहत गेले. अखेर तोडगा निघाला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी इंदुरात झालेल्या कार्यक्रमात सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीने त्यात सहभागी झाले होते. बातमी ऐकून परदेशीपुऱ्यात लोक रडले. पण धनादेश सुपूर्द होणं आणि पैसे घरात येणं यांच्यामध्ये कागद असतात.

बाईंचं आयुष्य कागदांत गेलेलं. गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक. एका संध्याकाळी शेजारच्या काकू प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात मिलचं जुनं ओळखपत्र, पिवळं पडलेलं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. मिलच्या कागदावर नवऱ्याचं नाव 'किसन', मृत्यूच्या दाखल्यावर 'कृष्णलाल', मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव 'किशनलाल'. तीन कागदांवर तीन माणसं. काकू विचारत होत्या, "यातला माझा कुठला?" बाईंनी त्या रात्री टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळे कागद तारखेनुसार लावले. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं शपथपत्र लागेल. वारसांची सही लागेल. एक मुलगी लग्न होऊन उज्जैनला, तिला बोलवावं लागेल. पासबुकावर काकूंचं नाव माहेरचं निघालं, ते आधी बँकेत बदलावं लागेल. त्यांनी एका कागदावर क्रमाने सात कामं लिहून दिली, आणि त्यांतल्या पहिल्या तीन कामांना स्वतः बरोबर गेल्या. वकिलाच्या टेबलासमोर, झेरॉक्सच्या रांगेत, बँकेच्या खिडकीशी.

आठवड्याभरात अकरा पिशव्या आल्या. हिंदू घरांच्या, मुसलमान घरांच्या, एक मंडळीतल्याच माणसाची. बाईंनी शाळेच्या कचेरीतल्या एका जुन्या सहकारी बाईंना मदतीला बोलावलं आणि मंडळीतल्या दोन कॉलेजच्या मुलांना झेरॉक्सच्या कामाला लावलं. नाताळच्या दिवशी सकाळची उपासना झाली, केक वाटून झाला. सणाची साडी नेसलेल्याच त्या एका म्हाताऱ्या कामगाराच्या घरी गेल्या, कारण त्याला बातम्यांतलं ऐकून वाटत होतं की पैसे आजच खात्यात पडणार आणि तो सकाळपासून पासबुक मांडीवर घेऊन बसला होता. त्याला समजावून सांगायला तास लागला. काहींचे पैसे पुढे लवकर आले, काहींना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. काकूंच्या खात्यात जमा झाले त्या दिवशी त्यांनी बाईंच्या घरी शिरा आणून दिला. वहीत त्याची नोंद आहे: "काकू. काम पूर्ण. शिरा." अख्ख्या वहीत खाण्याची नोंद एवढी एकच.

त्या दिवसांत बाईंना सिस्टर राणी मारिया पुष्कळदा आठवल्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी भूमिहीनांबरोबर काम करत. सावकाराच्या कर्जातून सुटायचं तर बँकेचं कर्ज कसं घ्यायचं, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरायचा, बचत गट कसा चालवायचा, हे त्या गावोगाव शिकवत. ज्यांचं त्यामुळे नुकसान होत होतं त्यांना ते सहन झालं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला माफ केलं, तुरुंगात जाऊन राखी बांधली. त्या सोहळ्याच्या दिवशी बाई कुतूहलाने मंडपाच्या कडेला उभ्या होत्या. त्या वेळी त्यांना माफीची गोष्ट सगळ्यात मोठी वाटली होती. कागदांच्या पिशव्या हाताळल्यावर मात्र अर्ज भरून देण्याचं मोल कळलं. गरिबाच्या हातात बरोबर भरलेला अर्ज असणं कुणाला तरी फार महाग पडतं, म्हणून तर त्या सिस्टरना मारलं.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. ख्रिस्ती माणूस परक्याच्या घरी मदतीला गेला की काही डोळ्यांत प्रश्न उभा राहतो. हे कशासाठी? मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये नवा, अधिक कडक कायदा आला. एका घरी पुतण्याने दारातच बाईंना अडवलं होतं. "तुम्हाला यातून काय मिळतं?" असं त्याने सरळ विचारलं. बाईंना राग आला नाही. प्रश्न वाजवी आहे असं त्या मानतात. ज्याला गरज आहे त्याच्यापुढे धर्माची गोष्ट काढणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं, आणि ते ख्रिस्ताच्या शिकवणीतही बसत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. त्या कुणाच्या घरी पत्रक नेत नाहीत. परक्या घरात आपणहून प्रार्थना करत नाहीत. कुणी विचारलं तर मी चर्चला जाते, एवढं सांगतात, लपवत नाहीत. त्या पुतण्याला त्यांनी सांगितलं, "तू बरोबर बस. मी काय करते ते बघ." तो बसला. आता काकांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम तोच करतो.

त्याआधी कोविडने वहीची परीक्षा घेतली होती. मार्च २०२० च्या अखेरीस इंदुरात रुग्ण सापडले आणि बघता बघता हे शहर राज्यातलं सगळ्यात मोठं संकटस्थान झालं. दार उघडायची सोय नव्हती. बाईंनी वही उघडून फोन लावायला सुरुवात केली. रोज सकाळी नऊला, क्रमाने. "जेवलात का, गोळी घेतली का, ताप आहे का." तीन प्रश्न, दोन मिनिटं. कुणाचा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही तर त्या गल्लीतल्या एका माणसाला फोन, खिडकीतून हाक मारायला. २०२१ च्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेत, रुग्णालयाबाहेर इंजेक्शनसाठी रांगा होत्या आणि वहीतल्या पानांवर एकामागून एक आडव्या रेघा पडत होत्या. काही घरांत दफनाला खांदा द्यायला माणूस नव्हता. मंडळीतले तरुण संरक्षक पोशाख चढवून गेले. कुणाला ते काम सांगावं लागलं नाही. त्या महिन्यात बाई स्वतः अकरा दिवस तापाने पडून होत्या. बाराव्या दिवशी नऊ वाजता त्यांचा फोन वाजला. पलीकडून गोळ्यांच्या पाकिटांवाले बाबा होते. "पोरी, जेवलीस का? गोळी घेतलीस का? ताप आहे का?"

थकवा येतो. गुडघे दुखतात. नवरा एकदा म्हणाला होता की मंडळीला पगारी पाळक आहे, त्याचं काम तू का ओढतेस. त्यावर त्या बराच वेळ विचार करत होत्या. पाळकाला रविवारचं प्रवचन आहे, लग्नं, बाप्तिस्मे, दफनं, सभा, चर्चच्या जागेचे कज्जे. एक माणूस इतक्या घरांत बसून पाकिटं मोजू शकत नाही. पण त्याहून महत्त्वाचं कारण त्यांना वेगळं वाटतं. पाळक घरी आला की लोक आवरून बसतात, चांगली कपबशी काढतात आणि "सगळं ठीक आहे" म्हणतात. बाई आल्या की आवरत नाहीत. गळका नळ दिसतो, उशाखाली दडवलेलं बिल दिसतं. ज्याला पद नाही त्याच्यापुढे माणूस अडचण उघडी ठेवतो. म्हणून मंडळीतल्या साध्या सभासदाने जायला हवं, आणि आठवणीने जायला हवं. वर्षातून एकदा नाताळच्या पिशव्या वाटून हे काम होत नाही. नेमलेल्या वारी, नेमलेल्या वेळी, कंटाळा आला असताना, पाऊस पडत असताना जायला लागतं.

मंडळीचंही त्यातून काही बदललं. आजाऱ्यांच्या प्रार्थनेत नाव वाचलं गेलं की उपासनेनंतर आता कुणीतरी विचारतं, त्यांच्याकडे या आठवड्यात कोण जातंय? पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले होते. आता दोन-तीन हात वर होतात.

वाचणारा कुठल्याही धर्माचा असो, त्याने आपल्या देवळाची, मशिदीची, गुरुद्वाऱ्याची, चर्चची यादी एकदा काढून बघावी. गेल्या सहा महिन्यांत ज्यांच्या घरी कुणी गेलं नाही अशी पाच नावं त्यात सापडतील. शंभर पानी वही स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळते.

परदेशीपुऱ्यातली पहिली वही भरली आहे, दुसरी चालू आहे. झेरॉक्सच्या रांगेत उभा राहणारा कॉलेजचा मुलगा आता बाईंच्या जोडीला येतो आणि नोंदी तोच लिहितो. त्याचं अक्षर बारीक आहे, बाईंना चष्मा लावूनही वाचायला त्रास होतो, म्हणून तो मोठं लिहायला शिकतो आहे. बाबांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यांना आता चित्रं दिसतात. तरी पाकिटांचे कोपरे कापूनच हवेत, असा त्यांचा आग्रह आहे. येत्या गुरुवारी सकाळच्या पाकिटात रक्तदाबाची गोळी अर्धी टाकायची आहे. डॉक्टरांनी ती कमी केली आहे.